कबूल केलेली तांबडी

सगुणाने काखेतली पांढरी कोंबडी वेदीपुढच्या भोपळ्यांशेजारी ठेवली आणि कुणाकडे न बघता बायकांत जाऊन बसली. आज चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती होती; जो तो आपल्या घरचं काही देवाला आणून वाहत होता.

नवरा तापाने फणफणला होता तेव्हा तिने देवाला तांबडी कबूल केली होती. पण तांबडी रोज अंडं देत होती, आणि पांढरी म्हातारी झाली होती. देवाला काय, दोन्ही कोंबड्याच! निघताना तिने तांबडीला पाटीखाली झाकलं होतं.

प्रार्थनेला डोळे मिटले, तोच दारातून कॉक-कॉक ऐकू आलं. पाटी उलथवून तांबडी तिच्या मागोमाग आली होती. पोरं फिदीफिदी हसली.

“बायांनो, कुणाची ही कोंबडी?” पाळकांनी विचारलं.

“मला नाही ठावं,” सगुणा घाईने म्हणाली.

तांबडी बाकांमधून वाट काढत आली आणि रोजच्यासारखी तिच्या पायाशी अंग फुगवून बसली. समोर पुरुषांत बसलेल्या नवऱ्याने मान खाली घातली.

सगुणाने तिला उचलून छातीशी धरलं. ती मुकाट्याने कुशीत शिरली.

“देवाची हाय,” सगुणा उभी राहून म्हणाली. “मीच झाकून ठेवली व्हती.”