उरलेला चेहरा

टीव्हीवरच्या सेनापतीने शिरस्त्राण काढलं आणि टिल्लीच्या हातातला सुपाचा चमचा आजीच्या तोंडाजवळ पोचता पोचता थांबला.

टिल्ली सहा वर्षांची. आजीला अर्धांगाचा झटका आल्यापासून संध्याकाळचं सूप भरवायचं काम तिने कुणी न सांगता स्वतःकडे घेतलं होतं. मोठी माणसं आजीशी बोलताना खिडकीकडे बघत, पंख्याकडे बघत. टिल्ली सरळ तोंडाकडे बघायची. आजीच्या डाव्या हाताला बसायची, कारण सांडायचं तिकडूनच. "आजी, ही बाजू झोपलीय, त्या बाजूने गीळ," असं दटावायची, हनुवटी पुसायची आणि पुढचा चमचा भरायची. डॉक्टरांचंही न ऐकणारी म्हातारी नातीपुढे मुकाट वाटी संपवायची.

टिल्लीची आई मागे दाराला टेकून उभी होती. तिचं लक्ष टीव्हीकडे नव्हतंच, या दोघींकडे होतं. सेनापतीचा चेहरा तिच्या हातचा. मालिकांसाठी मुखवटे बनवणं हा तिचा धंदा, आणि आज घरच्यांना चकित करायचं म्हणून तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं.

सेनापती म्हणजे अर्धा यंत्र झालेला माणूस, म्हणून पहिला चेहरा तिने सगळा धातूचा केला होता. लाल दिवे, तारा, जबड्याला स्क्रू, कशाची म्हणून कसर ठेवली नव्हती. दिग्दर्शकाची मुलं तो बघून खो खो हसली. "हा तर मिक्सरचा भाऊ," धाकटा म्हणाला. दिग्दर्शक डोकं धरून बसला. "ताई, पोरांची पाचावर धारण बसली पाहिजे आणि आईबापांनी टीव्ही बंद करता कामा नये. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायची मालिका आहे."

चूक तिच्या लगेच ध्यानात आली. यंत्राला कोण भितं? यंत्रं घरोघर असतात, बिचारी कोपऱ्यात बसून असतात. पोटात गोळा येतो तो त्यात माणूस उरला की. उरलेला तो माणूस कुणाचा तरी काका असतो, कुणाची तरी आई असते, आणि हाक मारली तर ओ देईल की नाही ते सांगता येत नाही. म्हणून तिने धातू काढला, फक्त कानशिलापाशी एक पट्टी ठेवली. उजवा गाल हलता ठेवला, डावा थिजलेला. पापणी अर्धी मिटलेली, ओठाचा कोपरा खाली ओघळलेला, त्या डोळ्यातून रडू नसतानाही पाणी. सेटवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "हे सुचलं कुठून तुम्हाला?" दिग्दर्शकाने विचारलं. "सुचलं आपलं," ती म्हणाली.

आपण कुणाचा चेहरा घडवतोय ते कळलंच नव्हतं, असं आता म्हणायला ती मोकळी होती. पण मुखवट्याच्या साच्यासाठी माती थापताना मधेच डोळे मिटून तिने काहीतरी आठवलं होतं आणि काय आठवलं ते स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

पडद्यावर सेनापती एका लहान मुलीपुढे वाकला. "घाबरू नकोस. मी तुझा काकाच आहे," म्हणाला आणि हसला. अर्धाच चेहरा हसला.

टिल्लीने चमचा वाटीत ठेवला. पडद्याकडे पाहिलं, मग आजीकडे. पुन्हा पडद्याकडे.

"आई, आजीला पण आतून मशीन बसवलंय?"

"काहीतरीच काय बोलतेस! रबराचा मुखवटा आहे तो. मीच केलाय की."

पोरीची भीती घालवायला म्हणून ती बोलून गेली. टिल्लीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मग आजीसारखा का केलास?"

निर्माता असो, दिग्दर्शक असो, कुणालाही तोंडावर उत्तर देणारी बाई.  पण आता तिने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

"राहू दे," आजी म्हणाली. तिचा एकेक शब्द ओठांतून सावकाश सुटायचा. "चांगलं... झालंय. हुबेहूब."

रिमोट हातातच राहिला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

आजीने नातीकडे तोंड वळवलं. पोर घाबरलीय, तिला धीर द्यावा म्हणून ती हसली. तिला येत होतं तसंच हसली.

टिल्ली उठली. सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि उशी छातीशी धरली. ओरडली नाही, रडली नाही. रडली असती तर जवळ तरी घेता आलं असतं.

"आई, मी मुद्दाम नाही गं..." टिल्लीची आई आजीला म्हणाली.

"ठाऊक आहे."

लेक आईच्या चाकांच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली. वाटी हातात घेतली, चमचा भरला. आजीने ओठ घट्ट मिटले. डावा कोपरा तेवढा उघडाच राहिला. सुपावर साय धरायला लागली होती.

"थोडं तरी घे ना. तिच्यासाठी घे."

आजीने चमचा बाजूला सारला आणि चांगल्या हाताने खुर्चीच्या चाकावर थोपटलं.

"मला... वळव."

"कुठे वळवू? खोलीत जायचंय?"

आजीने नाही म्हणून मान हलवली. बोटाने हवेत अर्धं वर्तुळ काढून दाखवलं. लेकीने खुर्ची फिरवली, टीव्हीकडे पाठ झाली तरी आजी थांब म्हणेना. उजवा गाल बरोबर सोफ्याच्या त्या टोकासमोर आला तेव्हा तिने हात वर केला. मग तोच हात डाव्या गालावर ठेवून तो पुरता झाकला.

"हं," ती म्हणाली. "आता... बोलव तिला."