नीलव्वाच्या अटी

"आणि ओट्यावर बसायचं नाही," नीलव्वा म्हणाली. "हे पण लिही."

मौनेशचं पेन थांबलं. गदगमध्ये घरं दाखवत, भाडेकरार भरून देत त्याला आठ वर्षं झाली होती. भिंतीत खिळे ठोकू नका, कुत्रं पाळू नका, हे त्यानं शेकडो वेळा लिहिलं होतं. ओट्याची अट तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"अक्का, म्हातारा माणूस. संध्याकाळी वाऱ्याला कुठं बसणार?"

"खोलीला खिडकी आहे."

म्हातारा समोर चटईवर बसला होता. शिवरुद्रप्पा त्याचं नाव. शेजारी एक पिशवी, तेवढंच सामान. मागची खोली भाड्यानं मागायला तो काल आपणहून दारात आला होता आणि आज सकाळीच नीलव्वानं मौनेशला निरोप धाडला होता, कागद घेऊन ये.

मौनेशला नवल वाटत होतं ते याचंच. गेल्या वर्षी याच खोलीत त्यानं दोन नर्सा आणून दिल्या होत्या. तेव्हा कागद नाही की अट नाही. उलट पोरींना यायला उशीर झाला की ही त्यांची ताटं झाकून ठेवायची.

"त्या पोरींना तर तुम्ही एक शब्द बोलला नव्हता."

"त्यांना बोलायची गरज नव्हती. कागद नसला की काही माणसं हळूहळू घरचीच होऊन बसतात. पुढचं लिही. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. पाणी स्वतः भरायचं, कपडे स्वतः धुवायचे."

"आणि जेवण?" म्हातारा पहिल्यांदाच बोलला.

"चौकात खानावळ आहे. तिथं माझ्याच भाकऱ्या जातात. विकत मिळतील."

मौनेशनं तेही लिहून घेतलं. एकाच चुलीवर भाकऱ्या थापून, खानावळींना पुरवून या बाईनं हे घर उभं केलं होतं. सगळी गल्ली तिला भाकरीवाली नीलव्वा म्हणायची. आडनाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. विधवा बाई, जपूनच राहणार, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण म्हाताऱ्याची दयाही येत होती.

"भाड्यात तरी थोडं कमी करा, अक्का."

"एक रुपयाही नाही. घराच्या कुठल्याही गोष्टीत मत द्यायचं नाही, हे लिहिलंस का? मला नावानं हाक मारायची नाही. अगं-तुगं तर नाहीच. मालकीणबाई म्हणायचं. आणि गल्लीत कुणी यांना चुकून 'मालक' म्हणालं, तर तिथल्या तिथं सांगायचं, मी भाडेकरू आहे म्हणून."

आता मात्र म्हाताऱ्याच्या मानेची शीर ताठ झाली. "एवढं कोण कुणाकडून लिहून घेतं? मी काय चोर आहे?"

"पटत नसेल तर बसस्टँड जवळ आहे," नीलव्वा शांतपणे म्हणाली. "दार उघडंच आहे. तुम्हाला दाराबाहेर पडायला कुणी शिकवायला नको."

म्हातारा अर्धवट उठला. पिशवीचा बंद हातात घेतला. कुणीच त्याला थांब म्हणालं नाही. थोडा वेळ तो तसाच वाकून उभा राहिला, मग परत चटईवर टेकला.

"आजारी पडलो तर?" त्यानं विचारलं.

"सरकारी दवाखाना आहे. मी रिक्षा बोलावीन. कुठल्याही भाडेकरूसाठी बोलावली असती."

मौनेशला राहवलं नाही. "अक्का, माणुसकी म्हणून तरी..."

"माणुसकी म्हणूनच खोली देतेय. बाकीचं सगळं कागदावर." तिनं पदराला हात पुसले. तव्याच्या चटक्यांनी बोटांची टोकं काळवंडली होती. "वाचून दाखव त्यांना. कबूल असेल तर सही घे."

मौनेशनं एकेक अट वाचली. प्रत्येक अटीला म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि शेवटी सही केली.

आता नावं तेवढी भरायची राहिली होती. मौनेशनं दोघांची आधार कार्डं मागून घेतली. भाडेकरूच्या जागी कार्डावरून लिहिलं, शिवरुद्रप्पा चन्नप्पा हुलकोटी. मग नीलव्वाचं कार्ड पुढं ओढलं. नाव उतरवलं, त्याखालची पतीच्या नावाची ओळ वाचली आणि पेन हवेतच राहिलं. त्यानं दोन्ही कार्डं शेजारी-शेजारी ठेवून पुन्हा वाचली.

"अक्का, काहीतरी घोळ आहे. तुमच्या नवऱ्याचं आणि भाडेकरूचं नाव एकच येतंय."

"येऊ दे," नीलव्वा म्हणाली. "दोन्हीकडं नीट अक्षरात लिही."