हुंदक्याची जागा

लिफ्टचं दार मिटत आलं होतं, तेवढ्यात दत्तप्रसादनं मधे पाय घातला आणि आत शिरला.

"भानूशेठ, काल तुमची जपानी बाई मराठीत रडत होती."

भानुदास हसला. हसणं त्याला छान जमायचं. "अरे, फील यायला नको? गाता गाता माझाच बांध फुटतो."

"आवाज बाईचा होता."

"मग कॅसेटमधली असेल. तीही रडतेच की."

दत्तप्रसाद सिमेंटच्या कारखान्यात अकाउंट्स बघायचा आणि भिंतीपलीकडच्या फ्लॅटमध्ये राहायचा. भांडणातला माणूस नव्हता. आज मात्र वर चढणाऱ्या आकड्यांकडे बघत तो म्हणाला, "यापुढं गाणं लागलं की मी बेल वाजवणार. दार वहिनींनी उघडायचं. त्यांनी नुसती मान हलवली तरी आत येईन. नाही हलवली, तर विषय खलास. पुन्हा तुमच्या दाराशी येणार नाही."

"ये की. चहा पिऊन जा," भानुदास म्हणाला. पण किल्ली कुलपात घालताना त्याच्या मनात एकच चाललं होतं. आपली कमलिनी दत्ताच्या बायकोकडे, मुग्धाकडे, बोलली. त्याशिवाय याला एवढी हिंमत येणार कुठून?

आखातात, रास अल खैमाच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभा राहत होता. कंपनी जपानी. एसीच्या डक्टचं काम भानुदासचं. गुरुवारी संध्याकाळी साहेब लोक हॉटेलात माइक घेऊन गायला बसत, आणि जो गायचा तो त्यांना घरचा वाटायचा. भानुदासनं कॅसेट मिळवून एक गाणं घोकून घोकून पाठ केलं. बर्फ पडतोय, बंदरावर एक बाई उभी आहे, तिचा माणूस बोटीनं निघून गेलाय. ती हाका मारते आणि कुणी येत नाही. कितामुरासाहेबांनी एवढा अर्थ सांगितला होता, त्याहून जास्त भानुदासला नको होता. कडव्याच्या शेवटी बाईचा आवाज चढत जाऊन हुंदक्यात फुटायचा. भानुदास ती जागा अशी घ्यायचा, की साहेब लोक चष्मे पुसायचे.

घरी कॅसेट लागायची ती वेगळ्या कामाला. आवाज पूर्ण मोठा करून तो कमरेचा पट्टा काढायचा. हुंदक्याची जागा आली की पट्टा पडायचा. कमलिनी किंचाळली तरी शेजारी म्हणायचे, भानूशेठची प्रॅक्टिस चाललीय.

ते वाक्यही त्यानंच बसवून घेतलं होतं. एकदा बेल वाजली तेव्हा ती दारात नुसतीच उभी राहिली. त्या रात्री तिला आरशासमोर बसवून त्यानं घोकून घेतलं. "हसून म्हण. ह्यांची प्रॅक्टिस चाललीय. हां, पदर सारखा कर. फुटलेला ओठ दिसता कामा नये. पुन्हा म्हण." गाणं त्याला जसं अर्थाशिवाय येत होतं, तसं वाक्य तिला यायला लागलं.

आज त्यानं आत येऊन दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. सवयीनं फोनची वायर उपसली. मग कॅसेट लावली.

कमलिनी काचेच्या टीपॉयपाशी बसून मटार सोलत होती. गाणं ऐकल्यावर तिनं बांगड्या काढून बाजूला ठेवल्या.

"मुग्धाला काय सांगितलंस?"

"काही नाही."

पट्ट्याचं बक्कल तिच्या कानशिलावर बसलं. मटार फरशीवर घरंगळले. तिचे केस मुठीत धरून त्यानं तिचं डोकं सोफ्याच्या कडेवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा.

"मान हलवणार होतीस ना त्याच्यासमोर? हलव आता!"

ती टीपॉयवरच आडवी पडली. त्यानं तिच्या बरगड्यांवर पाय उगारला आणि सगळं वजन घालून खाली हाणला. इतक्या वर्षांत कमलिनी कधी हलली नव्हती. आज ती सरकली.

पाय टीपॉयच्या काचेतून आरपार गेला. तो बाजूला कोसळला तेव्हा काचेचा लांब तुकडा मांडीत रुतलेला होता. त्यानं तो ओढून काढला आणि रक्त उसळलं, थांबेना.

"फडकं आण! बघत काय बसलीस, फोन कर!" मग त्यालाच फोनची वायर दिसली, भिंतीपाशी पडलेली.

"वाचवा!" तो ओरडला. कॅसेटमधली बाई त्याच्यापेक्षा वर चढली. तो पुन्हा ओरडला, आणि नेमकी हुंदक्याची जागा आली.

"कमल, टेप बंद कर. कमल, ऐक. मी पुन्हा हात लावणार नाही. आईची शपथ."

कमलिनी उठली. कानशिलावरून रक्ताचा ओघळ मानेपर्यंत आला होता. ती टेपकडे निघाली, तोच बेल वाजली.

भानुदासच्या जिवात जीव आला. त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. बोटं गार पडत होती. "जा. दत्ता असेल. बोलाव त्याला आत."

तिनं डोक्यावरून पदर घेतला. कुलूप काढलं, साखळी तशीच ठेवून फटीएवढं दार उघडलं. भानुदास पडला होता तिथून त्याला तिचा चेहरा दिसत होता. दत्तप्रसादला मात्र भानुदास दिसणं शक्य नव्हतं.

"वहिनी, आतून ओरडण्याचा आवाज आला," दत्तप्रसाद म्हणाला. "घाबरू नका. नुसती मान हलवा. मी आहे."

हलव, भानुदासचे ओठ म्हणत होते. आवाज फुटत नव्हता. हलव गं, हलव.

कमलिनीनं पदर सारखा केला, ओठ झाकले आणि डोळ्यांनी हसली, आरशासमोर त्यानं शिकवलं होतं अगदी तशी.

"काही नाही हो भावोजी. ह्यांची प्रॅक्टिस चाललीय."