गॅलरीचं दार

नातीचा जन्म झाला त्या वर्षाच्या अखेरीस धाकट्याला दुसऱ्या शहरात बढतीची जागा आली. घर हलवायचं होतं, आणि आईचं एकच पालुपद होतं, "आधी थोरल्याला विचार."

थोरला मालवाहू जहाजावर. त्याचा फोन यायचा तो समुद्राच्या मर्जीने.

घर जुन्या कापडगिरणीत होतं. मागांचं दालन कापून फ्लॅट केलेले. स्वयंपाकघराच्या मधोमध लोखंडी खांब, खिडक्या दोन माणसं उंच. आईचं अर्धं आयुष्य याच दालनात मागांवर गेलं होतं. "जिथे टेकलं की मुकादम खेकसायचा," ती म्हणायची, "तिथेच आता सोफा टाकलाय!"

कान मात्र ती मागांनाच देऊन बसली होती. कानाला तोंड लावून ओरडलं तरी निम्मं हुकायचं.

धाकट्याला नि त्याच्या बायकोला वाद घालायचा असला की बाळ उठू नये म्हणून दोघं गॅलरीत जात आणि काचेचं दार लोटून घेत.

"आज तरी सांगा आईंना," बायको म्हणाली. "किती दिवस कोंबडं झाकून ठेवणार?"

"तिला सोसायचं नाही."

"मग ही जागाही जाईल हातची."

"जाऊ दे."

काचेपलीकडे आई दुपट्यांच्या घड्या घालत होती. त्याच्याकडे बघून ती हसली. तोही हसला.

संध्याकाळी तिने विचारलं, "थोरल्याचा फोन आला का रे?"

"आला होता!" तो कानात ओरडला.

"काय म्हणतो?"

"विचार करतो म्हणाला!"

रविवारी आईची मागावरची जुनी जोडीदारीण आली. घर बघत बघत ती गॅलरीत गेली. वाऱ्याने दार मिटलं. तिथूनच ती काचेआडून आईकडे बघत नुसते ओठ हलवू लागली, आणि आत आई पदर तोंडाला लावून खुदखुदली.

धाकटा दार उघडून बाहेर आला. "मावशी, तिला ऐकू येत नाही."

मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होती. "मला तरी कुठे येतं? त्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकणार? आम्ही ओठ वाचायचो. तुझी आई तर चार रांगांपलीकडून मुकादमाच्या शिव्या वाचून दाखवायची! आणि तुम्ही शहाणे तिच्या कानात ओरडता. तोंड दिसलं तर कळेल ना तिला!"

धाकटा दाराची कडी धरून उभाच राहिला.

मावशी गेल्यावर तो आईसमोर खुर्ची ओढून बसला. आई त्याच्या ओठांकडे बघत थांबली.

मग तिनेच विचारलं, "थोरल्याचा फोन आला का रे?"

त्याची मान हलली. होय की नाही, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"आला तर सांग," त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "आम्ही निघालो म्हणावं."

त्याच वर्षी मार्चच्या नऊ तारखेला धाकट्याने गॅलरीत, दार लोटून, काचेपलीकडच्या आईकडे तोंड करून जो फोन घेतला होता तो जहाजाच्या कंपनीचा होता. थोरला आदल्या रात्री वारला होता.