मक्यात गेलेलं माणूस

दरवर्षीच्या सात दिवसांच्या सायकलफेरीत, पाचव्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या गावाला नऊ मैल उरले असताना, आर्डिथचा उजवा गुडघा संपावर गेला. पायडल खाली जाईना. समोरून वारा होता, आणि आयोवाच्या सपाटीवर वारा हाच चढ. ती उतरली.

"काय गं, उतरलीस?" मागून तिची नणंद मेव्हिस आली. आर्डिथ कधी ना कधी उतरेल या आशेवर ती चोवीस वर्षं तिच्या मागे सायकल चालवत होती. "गाडी बोलावू का?"

"मक्यात जातेय," आर्डिथ म्हणाली.

मेव्हिसला मुकाट्यानं मान वळवून पुढं जावं लागलं. या रस्त्यांवर लघवीला आडोसा काय तो मक्याचाच. त्यामुळे मक्यात गेलेल्या माणसाकडे बघायचं नाही, त्याच्यासाठी थांबायचं नाही, किती वेळ लागला ते विचारायचं नाही, हा सगळ्या सायकलवाल्यांचा शिरस्ता.

सगळ्यात शेवटी ऑर्व्हिल आला. एक्याऐंशी वर्षांचा, ताठ, इस्त्रीचा पिवळा शर्ट घातलेला. ही तुकडी त्यानंच उभी केलेली, आणि कोणी मागं राहू नये म्हणून तो नेहमी शेवटी असायचा.

"ठीक आहेस ना?"

"मक्यात."

त्यानं टोपीला हात लावला आणि नजर समोर ठेवून गेला. तो स्वतःही रोज दुपारी "व्हा पुढं, मी मक्यात जाऊन येतो" म्हणायचा. तरी जेवणाच्या गावात चर्चवाल्यांनी मांडलेल्या टेबलावरचं गोडधोड संपायच्या आत हजर. दुपारनंतर त्याचा शर्ट घामानं भिजलेला कोणी पाहिलाच नव्हता. केवढा काटक म्हातारा, असं सगळे म्हणायचे.

नियमही त्याचाच. पहिल्या दिवशी मागचं चाक मिसुरी नदीत भिजवायचं, सातव्या दिवशी पुढचं मिसिसिपीत. मधे कुठल्याही गाडीत बसायचं नाही. बसलात की तुमची वर्षं पुन्हा एकपासून मोजायची. सलग पंचवीस भरली की तुकडीच्या बसच्या दारावर नाव रंगवणार. दारावर आजवर एकच नाव होतं, ऑर्व्हिलचं.

आर्डिथचं हे पंचविसावं. या जुलैच्या आठवड्यासाठी तिनं काय नाही केलं? दोन्ही मुलांची लग्नं जूनमध्ये उरकली. नवऱ्याचं ऑपरेशन ऑगस्टात ढकललं, आणि तो बिचारा कण्हत का होईना, थांबला. आता दोन दिवस उरले असताना गुडघ्यानं दगा दिला. तिला रडूच आलं.

रस्ता रिकामा झाल्यावर ती सायकल ढकलत आडव्या खडीच्या रस्त्यानं मैलभर आत गेली. तिकडे सायकलवाले फिरकत नाहीत. दोन्हीकडे डोक्याच्या वर मका. थोड्या वेळानं डुकरं न्यायचा ट्रेलर ओढत एका शेतकऱ्याची गाडी आली. आर्डिथचा हात तिच्याही नकळत वर गेला.

शेतकऱ्यानं तिच्या पिवळ्या शर्टाकडे पाहिलं आणि ती काही बोलायच्या आत ट्रेलरची फळी खाली सोडली.

"गावाच्या अलीकडे सोडतो. कोठाराच्या मागं. तिथं कोणाला दिसत नाही," तो म्हणाला. "कालच धुतलाय. आत उशी आहे, बसा निवांत."

काय मोठ्या मनाचे लोक आहेत, आर्डिथला वाटलं. आत भिंतीला सायकल अडकवायला दोन आकडेसुद्धा होते. तिनं एकावर आपली अडकवली आणि उशीवर बसली. लाल चौकड्यांची उशी, मधे बसून बसून खोलगट झालेली.

ट्रेलर हलला. झालं, चोवीस वर्षांवर पाणी. मेव्हिसला कळणार नव्हतं, कोणालाच कळणार नव्हतं, पण परवा नदीवर ऑर्व्हिल तिचा हात हातात घेऊन "पंचवीस" म्हणणार, तेव्हा ती त्याच्याकडे कुठल्या तोंडानं बघणार होती? ज्या माणसानं एक्याऐंशीव्या वर्षी एक मैल चुकवला नाही, त्याच्या नावाखाली आपलं खोटं नाव?

नाही. आज संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. मेव्हिसला हसायचं तेवढं हसू दे. पुढच्या वर्षी एकपासून. एवढं ठरल्यावर तिला जरा मोकळा श्वास घेता आला.

तेवढ्यात ट्रेलर थांबला. गाव अजून लांब होतं. शेतकऱ्यानं दोनदा भोंगा वाजवला.

मका सळसळला. आर्डिथनं अंग चोरलं. मक्यातून आधी एक पुढचं चाक बाहेर आलं, मग पिवळा शर्ट, कोरडा, इस्त्रीचा. फळी खाली आली. ऑर्व्हिलनं न बघता आपली सायकल दुसऱ्या आकड्याला अडकवली, तिच्या गुडघ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपी काढली.

"सरक, आर्डिथ," तो म्हणाला. "ती उशी माझी आहे."