अनंताची राखण

कुंडीतली माती पुन्हा कुणीतरी उकरली होती.

कृष्णकांतरावांनी सायकल भिंतीला टेकवली आणि कचेरीचे कपडे न बदलताच ते अनंताच्या झाडापाशी उकिडवे बसले. सकाळी निघताना माती काळी आणि घट्ट होती. आता ती भुसभुशीत, जराशी तांबूस दिसत होती. सकाळी डावीकडे झुकलेली फांदी आता खिडकीकडे वळली होती. मधे पिवळटलेली पाने मात्र हिरवीगार होती, तेलाचा हात फिरवावा तशी.

ती हिरवाई पाहून त्यांना बरे वाटले, आणि त्याच क्षणी संशयही आला. पाने सुधारली ती आपल्या चुन्यामुळे, याविषयी त्यांना शंका नव्हती. पण माती उकरली कुणी, आणि कशासाठी?

झाड चारुशीलेचे होते. अलिबागच्या माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून, सारा प्रवास मांडीवर धरून तिने ते नागपुरात आणले होते. इथल्या वैशाखात ती दुपारी त्याच्यावर ओले तरट धरी आणि लेकराशी बोलावे तशी त्याच्याशी बोले. दोन वर्षांपूर्वी पौषात ती गेली. त्यानंतर कृष्णकांतरावांना अन्न जाईना. शेजारच्या सिंधूताई रोज डबा पाठवीत आणि तो तसाच परत जाई. मग फाल्गुनातल्या एका संध्याकाळी ते घरी आले, तर अंगणाच्या अंधारात एक पांढरे फूल उमलले होते. कळी कधी धरली, हेही त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्या रात्री ते पोटभर जेवले. हे झाड उभे आहे तोवर चारुशीला या घरातून गेलेली नाही, असे त्यांनी मनाशी धरले. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर ती लहान झाली असती.

झाडाची निगा ते आपल्या पद्धतीने राखत. कळमेश्वरजवळ त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. दर वर्षी तिथल्या झाडांना चुना लागे आणि झाडे सुखी असत, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. म्हणून दर रविवारी ते चुना कालवून त्याचे पाणी अनंताच्या मुळाशी ओतत.

एकदा सिंधूताईंनी कुंपणावरून पाहिले आणि त्या हसल्या.

“भाऊजी, अनंताले चुना सोसते का? इतका काहून पाजून राहिले? झाडाले विडा खाऊ घालता का?”

“माझ्या वडिलांची बाग होती, सिंधूताई,” ते तुटकपणे म्हणाले. “मला झाडे कळतात.”

सिंधूताईंचे हसू मावळले. त्यानंतर चुन्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. त्यांचे ते गप्प होणे कृष्णकांतरावांना पुढे पुढे खुपू लागले.

अंगणाच्या फाटकाची एक किल्ली चारुशीलेच्या काळापासून सिंधूताईंकडे होती. अधूनमधून त्या कामठीला भावाकडे जात आणि येताना हातात वरून झाकलेली पिशवी असे. एकदा कृष्णकांतरावांनी सहज विचारले, तर पीठ आहे म्हणाल्या. पीठ इतके जपून, दोन्ही हातांनी कुणी उचलत नाही. दुसऱ्या एका संध्याकाळी डबा परत करायला ते त्यांच्या मागल्या दारी गेले, तेव्हा सिंधूताई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. मागे पसारा आहे जी, म्हणाल्या, आणि डबा बाहेरच घेतला.

हे सारे त्यांच्या मनात साचत गेले. एका रात्री करणीचा विचारही डोकावून गेला. शिकलेल्या माणसाला अशा विचाराची लाज वाटावी, तशी ती वाटलीही. तरी सकाळी उठून त्यांनी कुंडीत खोल बोट घालून पाहिले. हाताला मुळ्यांखेरीज काही लागले नाही.

भाद्रपदात पाने पुन्हा पिवळी पडू लागली. आधी शिरांमधला हिरवा रंग गेला, मग कडा जळाल्या, मग हिरव्या कळ्या न उमलताच गळाल्या. कुणी मुळाशी विष घालत असले तर ते मारलेच पाहिजे, म्हणून कृष्णकांतरावांनी चुना दुप्पट केला. झाड आणखी खंगले. आता संशयाला जागा उरली नाही. चारुशीलेच्या मागे शेजारणीला तिची एवढीशी खूणही बघवत नव्हती.

बुधवारी त्यांनी रजा टाकली. नेहमीप्रमाणे सायकल काढली, सिंधूताईंच्या दारावरून घंटी वाजवत गेले आणि वळसा घालून मागच्या बोळाने परत आले. स्वयंपाकघराची खिडकी ओढून तिच्या फटीला डोळा लावून बसले. घशाला कोरड पडली, पण पाणी घ्यायलाही ते उठले नाहीत.

भर दुपारी फाटक वाजले. सिंधूताई आत आल्या. एका हातात खुरपे, दुसऱ्या हाताने कमरेशी धरलेले काहीतरी पदराआड. कुंडीपाशी बसून त्यांनी खुरपे मातीत घातले, कडेकडेने फिरवले आणि अनंत मुळासकट उपटला.

कृष्णकांतराव दार ढकलून बाहेर आले. त्यांचा आवाज चढला नाही.

“चारुशीलेचं एवढंच उरलं होतं माझ्याजवळ. तेही उपटलंत?”

सिंधूताई दचकल्या नाहीत. हातातले पिवळे झाड त्यांनी अलगद खाली ठेवले. मग त्या बाजूला सरल्या, तेव्हा त्यांच्या मागे पत्र्याच्या डब्यात एक दुसरा अनंत दिसला, तेवढ्याच उंचीचा, टपोऱ्या कळ्यांनी भरलेला. डब्यातली माती तांबूस होती.

“हे लावून द्यायले आली होती,” त्या म्हणाल्या.

“मला दुसरं झाड नको. माझं झाड मला द्या.”

सिंधूताईंनी मातीने भरलेले हात एकमेकांवर झटकले. त्या वर पाहीनात.

“ते कुठून देऊ, भाऊजी? वहिनीचं झाड तर त्या पौषातच गेलं. हे चौथं आहे.”