कोंबड्याची पारख

इटलीत तोंडाने फुंकून घडवलेले जुने काचेचे पक्षी-प्राणी उत्पला जमवायची आणि त्यांची पारखही करायची. जळगावात तिच्या शब्दावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवत. वडिलांनी बोटीवरच्या नोकरीत असताना आणलेला लाल कोंबडा मात्र धुळ्याला थोरल्या भावाकडे, यादवकडे होता. आबा गेल्यापासून, म्हणजे वडील वारल्यापासून, त्या कोंबड्यावरूनच दोघांचं बोलणं बंद होतं.

त्या दिवशी यादवनेच तिला बोलावून घेतलं. पाणीसुद्धा न विचारता त्याने कोंबडा तिच्यापुढे ठेवला. "गिऱ्हाईक येनार शे. खरं सांग, अस्सल शे का नकली?"

उत्पलाने कोंबडा उजेडात धरला. काचेच्या पोटात सोन्याचा वर्ख चमकत होता, बुडाशी फुंकनळीवरून तोडल्याची, अस्सल कामाची खूण होती. इतका देखणा नग तिने आयुष्यात हाताळला नव्हता. आणि तो कुणा परक्याच्या घरी जाणार, या विचारानेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नकली आहे, दादा," ती थंडपणे म्हणाली. "विकायला काढलास तर हसं होईल. मला देऊन टाक, आबांची आठवण म्हणून ठेवीन."

"नकली? मंग ठेईसन काय करू?" यादवने कोंबडा उचलला आणि सरळ फरशीवर आपटला.

उत्पला किंचाळून खाली बसली आणि रडत रडत तुकडे ओंजळीत गोळा करू लागली.

 

यादव तिच्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "आते समजनं. अस्सल व्हता."